गावाचे नाव आणि 'ग्रामीण' ही संज्ञा : वर्धा जिल्ह्याच्या निमित्ताने

वर्धा जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासात तीन गावांच्या नावांचे जे झाले, ते साहित्यसमीक्षेनेही विचारात घ्यावे असे आहे. पालकवाडी हे एक साधे खेडे. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील भाग तोडून नवा जिल्हा निर्माण झाला, १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागेवर आखीव रस्त्यांचे जिल्ह्याचे ठाणे वसवले गेले, त्याला नदीचे नाव देण्यात आले आणि पालकवाडी इतिहासाच्या टिपणापुरती उरली. दुसरे गाव हिंगणघाट. वणा नदीच्या काठावरील या जुन्या पेठेचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका प्रतीचे नाव होऊन बसले. ज्यांनी हे गाव कधी पाहिले नाही असे दलाल ते नाव रोज उच्चारीत होते. तिसरे शेगाव. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी तेथे राहावयास गेले आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालाची गल्लत होऊ लागल्यामुळे १९४० मध्ये या गावाचे सेवाग्राम झाले. एक नाव प्रशासनाने पुसले, एक व्यापाराने उचलले, एक विचाराने बदलले. तिन्ही ठिकाणी नावाचा निर्णय गावाबाहेर झाला.

मराठी समीक्षेत रूढ झालेल्या 'ग्रामीण' या संज्ञेचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. तीही बाहेरून आलेली, एका विशिष्ट प्रदेशातील गावाच्या अनुभवावरून घडलेली आणि नंतर सर्व गावांना सरसकट लावली गेलेली संज्ञा आहे. वर्धेच्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखातील जीवन आणि त्या जीवनाशी नाते सांगणारे लेखन समोर ठेवले, तर ही संज्ञा कोठे अपुरी पडते हे स्पष्टपणे दिसते. ती टाकून द्यावी असे नाही. तिच्या पोटात कोणते गाव गृहीत धरलेले आहे, एवढे मात्र तपासले पाहिजे.

हे गृहीत गाव म्हणजे 'गावगाडा'. त्रिंबक नारायण आत्रे यांचा या नावाचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील, प्रामुख्याने दख्खनमधील, कुणबी-बलुतेदारांच्या परस्परसंबंधांचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत दुसरे नाही. त्यामुळे पुढे ज्यांनी ज्यांनी गावाचा विचार केला त्यांनी कळत-नकळत आत्र्यांचा आराखडा वापरला. पाटील, कुलकर्णी, बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, खळ्यावर वाटले जाणारे धान्य, आणि या सर्वांना धरून ठेवणारी एक संथ परंपरा. नंतर या परंपरेवर आधुनिकतेचा आघात, आणि त्यातून होणारी पडझड. आनंद यादवांच्या 'ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या' (१९७९) पासून सुरू झालेल्या चर्चेत 'ग्रामीण' ही निव्वळ विषयाची नव्हे तर जाणिवेची बाब आहे, हे आग्रहाने मांडले गेले आणि ते आवश्यकच होते. भालचंद्र नेमाड्यांच्या देशीयतेच्या मांडणीने या चर्चेला आणखी एक बळ दिले. परंतु दोन्ही मांडण्यांत एक क्रम गृहीत आहे : आधी गाव, मग बाजार, आधी भूमी, मग पैसा. वर्धेच्या बाबतीत हा क्रमच लागू पडत नाही.

येथील आधुनिक गाव घडले तेच मुळी बाजाराबरोबर. भोसल्यांचे राज्य १८५३ च्या अखेरीस संपले, तोवर येथील पाटील हा सरकारसाठी सारा गोळा करणारा मक्तेदार होता. गावाची मालकी त्याची नव्हती. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकात केलेल्या तीस वर्षांच्या जमाबंदीत या मक्तेदाराला मालक केले, आणि 'मालगुजार' ही संस्था जन्माला आली. काही ठिकाणी जुना पाटील मालगुजार झाला, काही ठिकाणी त्याला कर्ज देणारा सावकार. ही जमाबंदी ज्यांच्या हातून झाली ते रिव्हेट-कार्नॅक पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त झाले, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि नेमक्या त्याच वर्षांत वर्धेची शेते मोजली जात होती. १८६७ मध्ये लोहमार्ग वर्धेवरून नागपूरला पोहोचला. जमिनीवरचा हक्क, पिकाची निवड आणि मालाची वाहतूक या तीन गोष्टी एका दशकात एकत्र आल्या. पश्चिमेस नदीपलीकडे वऱ्हाडात रयतवारीशी जवळीक असलेली खातेदारी, आणि नदीच्या अलीकडे मालगुजारी. माती एक, पीक एक, बोलीही जवळजवळ एक, पण कास्तकाराचे जमिनीशी नाते दोन प्रकारचे. ही मालगुजारी कायद्याने संपली ती ३१ मार्च १९५१ रोजी.

या व्यवस्थेत बलुते नव्हते असे नाही. सुतार, लोहार, न्हावी होते. खळ्यावर त्यांचा वाटा होता. पण गावाचा कणा त्यांच्यावर उभा नव्हता. तो उभा होता सालदार आणि वेचणी करणाऱ्या बाया यांच्या श्रमावर. 'सालदार' हा शब्दच पाहण्याजोगा आहे. बलुतेदाराची ओळख त्याच्या कसबाने होते, सालदाराची त्याने विकलेल्या काळाने. पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे एक साल त्याने आगाऊ विकलेले असते. त्या सालाच्या आत त्याला आजार, लग्न, मरण यांसाठी वेळ काढावा लागतो. वेचणीची मजुरी वजनावर ठरते. म्हणजे गावगाड्यात ज्या नात्याला वंशपरंपरेची आणि सणावाराची उब असते, त्या नात्याच्या जागी येथे मुदत आणि तराजू आहेत. उब अजिबातच नाही असे मात्र समजू नये. पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून 'सीतादही' करण्याची रीत या भागात आहे; सीता म्हणजे तासाची रेघ, हे जुने नाते त्या शब्दात टिकून आहे. ज्या पिकाचा भाव सातासमुद्रापार ठरतो, त्याच पिकाला दहीभात दाखवला जातो. या दोन गोष्टी एकत्र नांदतात, आणि एकीला 'मूळ' व दुसरीला 'आघात' म्हणण्याची सोय येथे नाही.

१९०६ मध्ये रसेल यांनी संपादित केलेले जिल्ह्याचे गॅझेटियर हा या जीवनाचा एक मोठा लिखित पुरावा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशी दोन दुष्काळी वर्षे नुकतीच सरली होती. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८५ हजार भरली, आणि ती दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा कमी होती. बनी ही हिंगणघाटची लांब धाग्याची प्रत मागे पडून आखूड धाग्याचे, पण अधिक उतारा देणारे जरी वाण पसरल्याची तक्रारही त्या काळच्या कापसावरील लेखनात वारंवार भेटते. तक्रार करणाऱ्याला धाग्याच्या लांबीची चिंता आहे. कास्तकाराने जरी का पेरली, याचे उत्तर साधे आहे : त्याला सारा, व्याज आणि सालदाराची ज्वारी भागवायची होती, आणि आखूड धाग्याच्या कापसाचा पैसा त्याला अधिक खात्रीचा होता. प्रशासकीय गद्यात हा निर्णय ऱ्हास म्हणून नोंदला जातो. तोच निर्णय आतून पाहणारे मराठी गद्य त्या काळात लिहिले गेले नाही, ही वर्धेच्या वाङ्मयीन इतिहासातील पहिली मोठी पोकळी. हिंगणघाट हे प्रतीचे नाव टिकले आणि त्या प्रतीचा कापूस शेतातून जात राहिला. शब्द आणि वस्तू यांची अशी फारकत एखाद्या चिन्हमीमांसकाला रंजक वाटेल, कास्तकाराला ती भावात कळली.

मराठी गद्य येथे आले ते विनोबांबरोबर. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्धेला आले, आणि १९२३ मध्ये त्यांनी येथून 'महाराष्ट्र धर्म' सुरू केले. त्यातील निवडक लेखांचे 'मधुकर' हे पुस्तक मराठी निबंधाच्या इतिहासात जेवढे वाचले जावयास हवे होते तेवढे वाचले गेलेले नाही. फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाची चलती सुरू होण्याच्या आसपास, त्याच्या अगदी उलट दिशेने जाणारे हे गद्य आहे : वाक्य आखूड, दृष्टान्त हाताशी असलेल्या वस्तूंचा, लेखकाच्या लहरीला जागा नाही. 'गीताई' (१९३२) ही तर याच मुक्कामातील निर्मिती. संस्कृत न येणाऱ्या वाचकाला, विशेषतः स्त्रीला, गीता मुखोद्गत करता यावी, ही तिच्यामागील प्रेरणा तिच्या भाषेतही उतरली आहे. नालवाडीत केवळ सूत काढून मिळेल त्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग विनोबांनी स्वतःवर केला. पुढे १९५० मध्ये पवनारला बैलाविना, हाताने खोदून ऋषिखेती केली. मराठीतील दुसऱ्या कोणत्या गद्यकाराने मजुरीचा दर अशा रीतीने स्वतःच्या शरीरावर मोजला असेल, हे सांगणे कठीण.

तरीही, आणि हे नोंदवणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे, विनोबांच्या गद्यात वर्धेचे गाव ऐकू येत नाही. गागोद्यात जन्मलेल्या, बडोद्यात वाढलेल्या या लेखकाची भाषा ज्ञानेश्वर-तुकारामांच्या परंपरेतून घडली. ती त्यांनी वर्धेत आणली. वावर, धुरा, पांदण, पऱ्हाटी, बंडी हे शब्द ज्या मुलखात क्षणोक्षणी उच्चारले जातात, त्या मुलखात बसून लिहिलेल्या या गद्याचा श्रोता 'मराठी माणूस' आहे, सेलूचा किंवा देवळीचा कास्तकार नाही. त्याचे कारण त्यांच्या अलिप्ततेत शोधण्यापेक्षा त्यांच्या विचाराच्या रचनेत शोधले पाहिजे. गांधी-विनोबांच्या विचारात 'ग्राम' ही अजून घडावयाची वस्तू आहे. घडलेले गाव हा तिचा कच्चा माल. त्यामुळे प्रत्यक्ष गावाचे वर्णन येते ते उणिवांचे वर्णन म्हणून : घाण, आळस, कर्ज, अस्पृश्यता. या उणिवा खऱ्याच होत्या. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्धेचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, तेव्हा ती देशभर बातमी ठरावी इतकी भिंत पक्की होती. पण उणिवांच्या यादीतून गावाचा आवाज येत नाही.

आणखी एक बाब. ज्या शेगावला आदर्श खेड्याचे रूप यावयाचे होते, त्याच्या मालगुजारीत बजाजांचाच मोठा वाटा होता. आणि बजाजांची वर्धेतील पेढी कापसाच्या व्यापारावर वाढलेली होती. यात ढोंग शोधणे हा उथळपणा होईल. जमनालालांनी आपली संपत्ती आणि आपले आयुष्य कोणत्या कार्यात घातले हे सर्वश्रुत आहे. मुद्दा संहितेचा आहे. स्वयंपूर्ण खेड्याची भारतभर गेलेली प्रतिमा कापसाच्या गठाणींवर उभ्या राहिलेल्या, मालगुजारीने बांधलेल्या जिल्ह्यातून लिहिली गेली, आणि त्या प्रतिमेत गठाणही नाही, मालगुजारही नाही. 'वर्धा योजना' म्हणून ओळखल्या गेलेल्या १९३७ च्या शिक्षणविचारात चरखा आणि तकली हातात येतात. शेतातला कापूस जिनिंगला, जिनिंगमधून पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांना किंवा मुंबईला का जातो, आणि तो तसा गेला नाही तर सालदाराला पाडव्याला काय मिळेल, हा प्रश्न त्या प्रतिमेच्या चौकटीबाहेर राहतो. कुमारप्पांच्या अर्थशास्त्राने मगनवाडीतून त्या चौकटीच्या कडा ओढून पाहिल्या, हे खरे. पण ते इंग्रजीत, आणि त्यांचे वाङ्मयीन परिणाम मराठीत उमटले नाहीत.

तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'ने (१९५५) ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. नदीपलीकडील मोझरीचे हे संतकवी, आष्टी तालुक्यात आणि चिमूरला १९४२ मध्ये जे घडले त्यामागची एक प्रेरणा म्हणून ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात टाकले. त्यांच्या एकेचाळीस अध्यायांत ओवी हे जुने माध्यम, पण विषय गावातला रस्ता, विहीर, निवडणूक, व्यसन, मजूर-मालक संबंध. विनोबांच्या गद्यापेक्षा ही ओवी वाचणाऱ्याच्या ओट्यावर अधिक सहज बसते, आणि तिचे सार्वजनिक वाचन आजही होते. तथापि तिचाही सूर उपदेशाचा. ती गावाशी बोलते. गावाचे ऐकून घेण्याचे काम तिने अंगावर घेतलेले नाही, आणि गीतेकडून तशी अपेक्षाही करू नये.

ते काम कादंबरीने केले, आणि ते करणारा लेखक हिंगणघाटचा. उद्धव ज. शेळके यांचा जन्म हिंगणघाटचा. 'धग' (१९६०) ही त्यांची कादंबरी नदीपलीकडील, अमरावती जिल्ह्यातील गावजीवनावर उभी आहे. पण वर्धा नदी ही प्रशासनाची सीमा होती, वेचणीला जाणाऱ्या बाईची नव्हे. कापसाच्या पट्ट्यातील भूमिहीन घराची कथा म्हणून 'धग' दोन्ही काठांची आहे. कौतिक, तिचा नवरा महादेव, मुलगे भीमा आणि नामा, मुलगी यसोदा हे शिंप्याचे घर. मराठी समीक्षेने या कादंबरीचा गौरव केला तो वऱ्हाडी बोलीच्या समर्थ वापरासाठी आणि कौतिकच्या झुंजीसाठी. गौरव योग्य आहे, पण दोन्ही निकषांनी कादंबरीचा एक कणा झाकला गेला आहे. बोलीच्या निकषाने ती 'प्रादेशिक' ठरली आणि झुंजीच्या निकषाने 'वैश्विक'. या दोहोंच्या मध्ये जे आहे, म्हणजे हे घर शिंप्याचेच का, हा प्रश्न मागे पडला.

शिंपी हा बारा बलुतेदारांपैकी नव्हे. अठरा अलुत्यांच्या याद्यांत तो सापडतो, म्हणजे त्याच्यावाचून गावाचे अडत नाही असे गावगाड्यानेच मानले आहे. कापसाच्या पट्ट्यात त्याची जागा आणखी चमत्कारिक होते. गावातून सरकीसकट कापूस बाहेर जातो आणि गिरणीचे कापड होऊन परत येतो; हे परत आलेले कापड ज्याच्या हाती पडते तो शिंपी. म्हणजे त्याचा व्यवसाय बाजाराच्या फेऱ्याच्या अगदी टोकाला आहे. लोकांच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर, आणि तेव्हाच कपडे शिवले जातात. हंगाम साधला नाही, भाव पडला, तर सर्वांत आधी थांबते ती शिलाई. महादेवाचा नाकर्तेपणा हा कादंबरीने व्यक्तिस्वभाव म्हणून रंगवला आहे, त्याला माफी दिलेली नाही. पण हा स्वभाव ज्या व्यवसायात रुजला त्याला जमीन नाही, बलुत्याचा हक्क नाही, सालदाराचे बांधलेले सालही नाही, हे वाचकाने विसरू नये. कौतिक मजुरीला उभी राहते तेव्हा ती नवऱ्याच्या जातिव्यवसायातून बाहेर पडून रोजाच्या बाजारात शिरते. तिच्या कष्टांचे हिशेब, कोणाकडून काय उसने आणले, कोणाचे काय द्यायचे, हे तपशील कादंबरीत इतके सतत येतात की ते पार्श्वभूमी राहत नाहीत, कथानक होतात. गावगाड्याच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला हे दारिद्र्याचे चित्रण वाटते. प्रत्यक्षात ते एका रोकड अर्थव्यवस्थेत रोकड नसलेल्या घराचे चित्रण आहे, आणि या दोहोंत फरक आहे. पहिल्यात माणूस अभावात जगतो, दुसऱ्यात तो मुदतीत जगतो.

म्हणूनच 'धग'मध्ये गावाच्या सामूहिकतेचे हुंदके नाहीत. शेजारी आहेत, मदत करणारेही आहेत. पण कोणतीही मदत पुरत नाही, कारण ती करणाराही पुढच्या हंगामाकडे डोळे लावून बसलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक ग्रामीण कथांत संकटाच्या क्षणी गाव एक होते किंवा एक होऊन छळते. येथे गाव फार काही करतच नाही. ही शेळक्यांची निरीक्षणशक्ती, आणि ती कोठूनही उसनी घेतलेली नाही.

महादेवाला महारोग होतो, हा कादंबरीतील भाग विदर्भाच्या संदर्भात वेगळ्याने वाचला पाहिजे. वर्धेजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. आणि हिंगणघाटलाच जन्मलेल्या बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभे केले. एका अर्थी हा रोग या मुलखात एका मोठ्या नैतिक लेखनाचा विषय झाला होता. त्या लेखनात रोगी हा सेवेचा, आणि पुढे श्रमाच्या प्रतिष्ठेचा, आरंभबिंदू आहे. शेळक्यांनी तोच रोग घेतला आणि त्याला कोणतेही नैतिक फलित दिले नाही. घरातला एक कमावता, किंवा निदान कमावता म्हणवला जाणारा, माणूस गळतो आणि घराची अब्रूही त्याच्याबरोबर जाते, एवढेच. अखेरीस कौतिकच्या मनाचा तोल जातो. सेवाग्रामच्या संहितेला 'धग'ने दिलेले हे उत्तर आहे असे म्हणणे लेखकावर हेतू लादणे होईल. पण दोन्ही संहिता वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने एकाच नदीच्या खोऱ्यात लिहिल्या गेल्या, आणि एकत्र ठेवून वाचल्या की कौतिकच्या अखेरीची कठोरता अधिक कळते. तिच्यासाठी आश्रम नव्हता.

'धग'नंतर या प्रदेशात तिच्या तोडीची कादंबरी फार काळ झाली नाही. शेळके स्वतः उपजीविकेसाठी भराभर लिहीत राहिले, आणि त्या विपुल लेखनाने 'धग'च्या लेखकाचीच हानी केली. वर्धेला १९६९ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष पु. शि. रेगे होते. रेग्यांची कविता थोरच. तथापि सौंदर्यानुभवाच्या त्या दशकाला यजमान जिल्ह्यातील कापसाशी फारसे कर्तव्य नव्हते, हेही त्या निवडीतून वाचता येते. उच्चवर्णीय जमीनदार घराच्या बाजूने या इतिहासाची दुसरी कड दाखवली ती महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ने (१९८५). यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याला जन्मलेल्या या नाटककाराने देशपांड्यांच्या वाड्यात गंजत पडलेला ट्रॅक्टर ठेवला. जमिनीचे मालकपण मनात उरले आणि जमिनीने पाठ फिरवली, ही त्या घराची स्थिती. परंतु त्या वाड्याबाहेर, त्याच शेतात राबणाऱ्यांचे काय, हा त्या नाटकाचा विषय नाही, आणि नाटकाने तसा आवही आणलेला नाही.

एक वर्ष जाते आणि १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एक कास्तकार बायको आणि चार मुलांसह याच दत्तपूरच्या परिसरात येऊन जीवन संपवतो. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीचा आरंभ म्हणून ही घटना सांगितली जाते. पुढच्या दोन दशकांत विदर्भातील कापूस पिकवणारे जिल्हे त्या आकडेवारीच्या केंद्रस्थानी आले, वर्धाही त्यांत आला. साहित्याने याची दखल घेतली. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) बुलढाणा भागातील, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार २००४ मध्ये मिळाला. तिच्यामागून कवितासंग्रह, कथा, कादंबऱ्या यांची एक रांगच लागली. या लेखनाची कळकळ निःसंशय आहे. तरी त्यातील बऱ्याच लेखनात आत्महत्या करणारा हा 'बळीराजा' असतो, आणि या एका शब्दाने गावातील सगळे थर पुन्हा एकदा सपाट होतात. कर्ज काढणारा कास्तकार, त्याच्याकडे साल बांधणारा गडी, वजनावर वेचणी करणारी बाई, आणि दोघांनाही उधार देणारा दुकानदार यांच्या मरणाची कारणे वेगळी असतात. 'धग'ने ज्या थराची कथा सांगितली तो थर या नव्या शोककाव्यात पुन्हा गायब आहे. 'ग्रामीण' या संज्ञेत गावगाडा होता. 'बळीराजा'त जमीनधारक आहे. दोन्ही ठिकाणी कौतिकला जागा नाही.

मग या थराचा स्वतःचा आवाज कोठे आहे? तो लिखित वाङ्मयाबाहेर, पोळ्याच्या झडत्यांत आहे. श्रावण अमावास्येला संध्याकाळी गावाच्या आखरावर तोरण बांधतात, त्याखाली बैलजोड्या उभ्या राहतात. तोरण तुटण्यापूर्वी कास्तकार आणि सालदार चढ्या आवाजात झडत्या म्हणतात, आणि प्रत्येक झडतीची अखेर गौरा-पार्वती आणि महादेवाच्या गजराने होते. 'झडती' हा शब्द तपासणीचा. वर्षभर मालकाने घेतलेल्या झडतीची ही एका संध्याकाळची परतफेड आहे, असा अर्थ काढण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पाटलाचा कंजूषपणा, सावकाराचे व्याज, सरकारची योजना, पडलेला भाव, हे सारे या चार-दोन ओळींत सर्वांसमक्ष येते. ज्याच्यावर ते बोलले जाते तो समोर उभा असतो आणि त्याला रागावता येत नाही, कारण शेवट देवाच्या नावाने होतो. म्हणजे उपहास आणि नमन यांची ही सांधेजोड निव्वळ शैलीची बाब नाही; बोलणाऱ्याचे संरक्षण तिच्यात आहे. मालगुजार गेला तेव्हा झडतीतला मालगुजारही गेला, आणि त्याच्या जागी पुढारी, बियाण्याचा विक्रेता, कर्जमाफीचा अर्ज आले. ज्या लोकवाङ्मयाला 'परंपरा' म्हणून जपण्याची भाषा केली जाते, ते दरवर्षी स्वतःच आपला विषय बदलत आले आहे.

झडत्यांचे संकलन झालेले आहे, परंतु ते बहुधा लोकसंस्कृतीच्या विभागात. त्यांचे वाचन साहित्यप्रकार म्हणून झालेले नाही. संकलनांत एक अडचणही आहे. झडती छापली की तिच्यातला सभोवार संपतो : कोणी म्हटली, कोणासमोर म्हटली, कोणत्या वर्षी कापूस कोणत्या भावाने गेला होता, हे काहीच उरत नाही. 'धग'च्या संवादांचे बळ नेमके या सभोवारात आहे. कौतिकचे प्रत्येक वाक्य कोणत्या तरी माणसाला, कोणत्या तरी देण्याघेण्याच्या क्षणी उद्देशून असते. समीक्षेने ज्याला 'बोलीचा वापर' म्हटले तो खरे म्हणजे संबोधनाचा वापर आहे. वऱ्हाडी शब्दांची यादी करून तो हाती लागत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत वर्धेला शहाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच दिवसांत त्याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही. दोन्ही मांडवांत शेतीवर, गांधींवर, विदर्भाच्या अनुशेषावर बोलले गेले. कापसाची वेचणी त्या सुमारास संपत आलेली असते. शेतात पऱ्हाटीची खुटे उभी असतात, आणि पुढच्या पाडव्याला कोणाकडे साल बांधायचे याची बोलणी सुरू व्हायला दीडेक महिना उरलेला असतो.